बाळराजांचें नगर



स्थलवर्णनाचीं भाषणें आपण पुष्कळ ऐकलीं असतील. त्या भाषणांतला प्रवासी बहुधा एकटा हिंडतो, किंवा त्याच्या सोबतीस त्याच्यासारखेच चार वाचलेले-ऐकलेले स्नेही असतात. माझ्या सोबतीस त्या दिवशीं माझी कन्या, जांवई आणि त्यांचीं दोन मुलें होतीं. थोरला नातू आठ वर्षांचा, धाकटी नात पांच वर्षांची. पुण्याहून पहाटे मोटारीनें निघावें, मुलांना दिवसभर अहमदनगर शहर दाखवावें आणि रात्रीं परत यावें, असा बेत होता. बेत अर्थात् माझा. मुलांना कांहीं तरी ऐतिहासिक दाखवावें ही हौस आम्हां म्हाताऱ्यांची. मुलांना बहुधा कुल्फी हवी असते. दोन्ही गोष्टी साधल्या, एवढें आरंभींच सांगून ठेवतों.

निजामशाहीचा इतिहास मला नवा नव्हता. नगरही मीं पूर्वीं अनेकदां पाहिलें होतें. पण मुलांबरोबर पाहिलें नव्हतें, आणि तेवढ्यानें किती फरक पडतो याची मला कल्पना नव्हती. इमारत कोणत्या सालची, तिची कमान कोणत्या पद्धतीची, राजा किती शूर, यांतलें कांहींच नातवाला जाणून घ्यावयाचें नव्हतें. प्रत्येक ठिकाणीं त्याचा एकच प्रश्न असे: "तेव्हां तो केवढा होता?" पहिल्यानें मला या प्रश्नाचा कंटाळा आला. मग उत्तरें देतां देतां ध्यानांत येऊं लागलें कीं, प्रश्न पोरकट नाहीं. या शहराच्या इतिहासाला जेथें जेथें वळण आहे तेथें तेथें बहुधा एखादें लहान मूल उभें आहे, आणि आम्ही मोठीं माणसें त्याच्या डोक्यावरून पलीकडचे सेनापति पाहत असतों.

शहरांत शिरण्यापूर्वींच पहिला घोटाळा झाला. रस्त्यावरील पाटी वाचून नातू ओरडला, "आजोबा, आपण चुकीच्या गांवाला आलों! हें अहिल्यानगर आहे." मग त्याला सांगावें लागलें कीं, शहराचें व जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं बदललें, अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ सालीं याच जिल्ह्यांतील जामखेड तालुक्यांत चौंडी या गांवीं झाला, म्हणून हें नांव. "मग इथलीं माणसें काय म्हणतात?" "तीं पूर्वीं नुसतें नगर म्हणत. अजूनही पुष्कळजण नगरच म्हणतात." लगेच नेहमींचा प्रश्न आला. अहिल्याबाईंचें लग्न मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशीं १७३३ सालीं झालें. म्हणजे आठ वर्षांच्या. "माझ्याएवढ्या!" असें म्हणून तो कांहीं वेळ गप्प बसला. लग्नांत हत्ती होता कीं काय, एवढेंच धाकटीला हवें होतें. हत्तीची गोष्ट आमच्या वाटेवरच होती, म्हणून मीं तिला धीर धरावयास सांगितलें.

आम्ही प्रथम शहराच्या पश्चिमेस बागरोझ्याकडे गेलों. शहराचा संस्थापक मलिक अहमद निजामशहा याची कबर येथें आहे. काळ्या दगडाची घुमटाची इमारत, आंतून कोरलेलीं कुराणांतील वचनें. २८ मे १४९० या दिवशीं भिंगारजवळ अहमदानें बहामनी सैन्याचा पराभव केला, आणि जेथें जय मिळाला तेथेंच पुढें आपल्या नांवाचें शहर वसविलें, हें आपण सर्वांनीं वाचलेलें आहे. त्याच्या बापाची गोष्ट तितकी ठाऊक नसते. ती फेरिश्त्यानें लिहून ठेविली आहे.

विजयनगरच्या मुलखांत बहामनी सुलतानाची स्वारी गेली असतां सैन्याच्या हातीं एक ब्राह्मणाचा मुलगा सांपडला. त्याचें नांव तिमाभट, बापाचें नांव भैरव. घराणें मूळ पाथरीच्या कुलकर्ण्यांचें. इतर कैद्यांबरोबर तो दरबारीं आला, मुसलमान झाला, त्याला हसन हें नांव मिळालें. आणि मुलगा चलाख आहे असें पाहून सुलतानानें त्याला आपल्या शहाजाद्याबरोबर शिकावयास बसविलें. शहाजाद्याला 'भैरव' हा उच्चार साधेना. तो 'बहरी' म्हणे. तेंच त्या मुलाचें उपनांव झालें. हाच पुढें बहामनी राज्याचा वजीर मलिक हसन बहरी निजामुल्मुल्क, आणि त्याच्या मुलाचें राज्य ती निजामशाही. बोबड्या तोंडांतून पडलेला एक शब्द राजघराण्याला कायमचा चिकटून राहिला, ही गोष्ट धाकटीला फार आवडली. तिला स्वतःला अजून 'र' म्हणतां येत नाहीं. नातवानें मात्र विचारलें, "त्याची आई त्याला शोधायला आली नाहीं का?"

इतिहासकारानें आईविषयीं कांहीं लिहिलेलें नाहीं. हसनचा नातू बुऱ्हाण निजामशहा यानें पुढें पाथरी हें पूर्वजांचें गांव म्हणून लढून घेतलें, एवढेंच मी सांगूं शकलों. हा बुऱ्हाण गादीवर बसला तेव्हां सात वर्षांचा होता. त्यानें १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला आणि दक्षिणच्या राजकारणाला निराळी दिशा लागली. त्याचें निमित्तही एक आजारी मूलच होतें. राजपुत्र अब्दुल कादर तापानें फणफणला होता. शाह ताहीर या विद्वानानें बारा इमामांना नवस करावयास सांगितलें, मुलगा उठला, आणि बापानें शब्द पाळला, असें फेरिश्ता सांगतो. पंथभेदाचे पांडित्यपूर्ण वाद मीं पुष्कळ वाचले आहेत. पण रात्रभर मुलाच्या उशाशीं बसलेला बाप हें त्यामागचें एक कारण असूं शकतें, हें त्या वादांच्या गर्दींत मी विसरलों होतों.

बागरोझ्याजवळ हत्तीचें स्मारक दाखवितात. या हत्तीचें नांव गुलाम अली. १५६५ सालीं तालिकोटच्या लढाईंत विजयनगरच्या रामराजाला ज्यानें धरलें तो हाच, असें म्हणतात. हत्तीसाठीं कोणी इतकी दगडी इमारत बांधावी याचें धाकटीला जराही आश्चर्य वाटलें नाहीं. तिच्या मतें तें योग्यच होतें. नातवाला रामराजाची चिंता पडली. "तो केवढा होता?" "म्हातारा होता." "माझ्या आजोबांएवढा?" "त्याहूनही." "मग त्याला सोडून दिला असेल." मीं त्याला खरें काय तें सांगितलें: हुसेन निजामशहानें तेथल्या तेथेंच त्याचा वध करविला. कन्येनें माझ्याकडे रोखून पाहिलें. दिवसभर चाललेल्या आमच्या एका वादाचा तो आरंभ होता.

शहरांतून मोटार हळूहळू काढीत आम्ही पूर्वेच्या बाजूस भुईकोट किल्ल्यापाशीं आलों. मुलांनीं सिंहगड पाहिलेला. डोंगरावर नाहीं तो किल्ला कसला, अशी त्यांची तक्रार. पण खंदकाच्या कांठावर उभें राहून पलीकडचे बुरूज पाहिल्यावर ती मिटली. मूळचा कोट मातीचा होता. हुसेन निजामशहानें १५५९ पासून तो दगडांत बांधून काढला. आकार साधारण लंबगोल, भोंवतीं रुंद व खोल खंदक. किल्ला लष्कराच्या ताब्यांत आहे. ओळखपत्र दाखवून आंत जावें लागतें, आणि जेथें जाऊं देतात तेथेंच जावें लागतें.

येथें आलेला प्रत्येक मनुष्य चांदबिबीची गोष्ट सांगतो, आणि ती सहसा अर्धीच सांगतो. चिलखत घातलेली, हातांत तलवार घेतलेली, खिंडारांत उभी राहिलेली राणी आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. पण ती कोणासाठीं लढत होती? स्वतःच्या राज्यासाठीं नव्हे. स्वतःच्या मुलासाठींही नव्हे, कारण तिला मूल नव्हतें. ती हुसेन निजामशहाची मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. १५८० सालीं वैधव्य आल्यावर तिनें तेथें नऊ वर्षांच्या पुतण्याचा, म्हणजे दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाचा सांभाळ केला. मग माहेरीं आली, तों येथेंही तोच प्रसंग. १५९५ सालीं तिचा भाचा इब्राहीम निजामशहा लढाईंत पडला, आणि त्याचा मुलगा बहादूर हें अगदीं लहान लेकरूं मागें राहिलें. दरबारच्या एका पक्षानें, मियां मंजूनें, बहादूरला जुन्नरकडे चावंडच्या किल्ल्यांत कोंडलें आणि अहमद नांवाच्या दुसऱ्याच एका मुलाला राजवंशांतला म्हणून गादीवर बसविलें. दुसऱ्या पक्षांनीं त्यांना ठाऊक असलेलीं आणखी मुलें पुढें केलीं. मियां मंजूनें अकबराचा पुत्र मुराद यास मदतीस बोलाविलें, मागाहून तो पस्तावला आणि शहर सोडून गेला. मोंगल दारांत, राजा कोंडलेला, सरदार पांगलेले, अशा वेळीं या बाईनें किल्ला आपल्या हातीं घेतला व बहादूरच्या नांवानें द्वाही फिरविली. ज्या मुलासाठीं ती लढली तें मूल त्या वेळीं किल्ल्यांत नव्हतेंच.

मोंगलांनीं तटाखालीं सुरुंग खणले. आंतल्यांना सुगावा लागला. कांहीं सुरुंग त्यांनीं शोधून निकामी केले. पण एक उडाला आणि तटाचा मोठा भाग खालीं आला. रक्षक पळूं लागले तेव्हां चांदबिबी तोंडावर बुरखा घेऊन खिंडारांत आली, आणि दिवस मावळेपर्यंत मोंगलांना आंत पाय ठेवतां आला नाहीं. रात्रभर तिनें तेथें उभें राहून खिंडार बुजविलें. नातवाला लढाईपेक्षां हें रात्रीचें काम अधिक पटलें. "दगड कोणीं उचलले?" सर्वांनीं. "मुलांनीं पण?" बहुधा मुलांनींही. गोळे संपल्यावर तिनें तांब्याचीं, रुप्याचीं आणि शेवटीं सोन्याचीं नाणीं तोफांत घातलीं, ही दंतकथाही मीं सांगितली. दंतकथा आहे असें सांगूनच. १५९६ च्या आरंभीं वऱ्हाड देऊन तह झाला, वेढा उठला, आणि बहादूरला चावंडहून आणून राज्याभिषेक केला.

येथें बहुतेक लोक थांबतात. माझ्या कन्येचीही तशीच इच्छा होती. पण नातवानें विचारलें, "मग पुढें?"

पुढें चार वर्षांनीं मोंगल पुन्हा आले. या खेपेस शहाजादा दानियाल होता. आतां किल्ला टिकत नाहीं, मुलाला सुखरूप जुन्नरकडे नेतां येईल अशा अटीवर किल्ला द्यावा, असें चांदबिबीच्या मनांत आलें. तिनें हा विचार ज्याच्यापाशीं बोलून दाखविला त्या हमीदखानानें राणी फितूर झाली म्हणून रस्त्यांत ओरड केली. जमाव तिच्या महालांत घुसला आणि त्यानें तिला ठार मारलें. मोंगलांनीं नव्हे, तिच्याच माणसांनीं. थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १६०० मध्यें, किल्ला पडला.

"बाबा, तुम्हीं हें सांगायला नको होतें," कन्या म्हणाली. "आठ वर्षांचा आहे तो. रात्रीं झोंपायचा नाहीं."

"त्यानें विचारलें."

"विचारलें तरी काय झालें? शूर होती, जिंकली, इतकें पुरे नव्हतें का?"

यावर माझ्यापाशीं तयार उत्तर नव्हतें, आणि अजूनही तिचें म्हणणें मी सर्वस्वीं खोडून काढूं शकत नाहीं. मुलांना कोणत्या वयांत किती सांगावें हा प्रश्न आईला जितका कळतो तितका आजोबाला कळत नसावा. पण मला असें वाटतें कीं, अर्धी गोष्ट सांगितली म्हणजे चांदबिबी नुसती चित्रांतली राणी उरते. तिचें खरें धैर्य खिंडारांत दिसलें तितकेंच, किंबहुना अधिक, त्या शेवटच्या विचारांत दिसतें: कीर्ति जावो, किल्ला जावो, पण मूल वांचावें. जमावाला तें समजलें नाहीं. आम्ही दोघें बोलत असतां नातू मध्येंच म्हणाला, "आणि बहादूर?" "त्याला धरून ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत पाठविलें." "तेव्हां तो केवढा होता?" "तुझ्याहून लहान." तो पुढें कांहीं बोलला नाहीं. रात्रीं झोंपला नाहीं असें मात्र झालें नाहीं, तें मीं मागाहून विचारून घेतलें.

किल्ल्याच्या आंत १९४२ च्या आंदोलनांतील नेत्यांना ठेविलें होतें त्या खोल्या आहेत. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईंत काँग्रेसच्या कार्यकारिणीची धरपकड झाली आणि पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव प्रभृति मंडळींना येथें आणलें. नेहरूंनीं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पांच महिन्यांत येथेंच लिहिला. ते बागकाम करीत; खणतांना जुन्या भिंती व कमानी लागत, आणि एकदां दगडांत कोरलेलें सुंदर कमळ सांपडलें, असें त्यांनीं लिहिलें आहे. धाकटीनें ताबडतोब पायानें माती उकरण्यास सुरुवात केली; तिला आवरावें लागलें. २० ऑगस्ट १९४४ रोजीं मुंबईस नेहरूंचा नातू राजीव जन्मला, तेव्हां आजोबा या तटाच्या आंत होते. मौलाना आझादांनीं खोलींत घरटें करूं पाहणाऱ्या चिमण्यांशीं आधीं युद्ध व मग मैत्री कशी केली, तें आपल्या पत्रांत मोठ्या मजेनें वर्णिलें आहे. ती हकीकत मुलांना सांगितली. ते येथें बंदींत असतांनाच १९४३ सालीं त्यांच्या पत्नी कलकत्त्यास वारल्या, हें सांगितलें नाहीं. म्हणजे माझ्या कन्येचें म्हणणें मीही अगदींच सोडून दिलें नव्हतें.

जेवण आम्ही बाहेर सावलींत केलें. दशम्या, लसणाची चटणी, केळीं. १८०३ च्या ऑगस्टांत शिंद्यांच्या ताब्यांतला हा किल्ला जनरल वेलस्लीनें घेतला, तेव्हां किल्ल्याजवळच्या एका चिंचेखालीं तोही असाच जेवावयास बसला होता, असें सांगतात. जेवतांना नातवाला तहानेवरून प्रश्न सुचला: इतक्या लोकांना पाणी कोठून येई? हा प्रश्न मला फार आवडला. येथें नदी आहे ती सीना, आणि ती लहान. निजामशाहींत कापूरवाडी, शहापूर वगैरे भोंवतालच्या गांवांकडून खापरी नळांतून पाणी शहरांत आणलें होतें. जमिनीखालून उतार साधीत मैलांगणती आलेले ते मातीचे नळ, मध्येंमध्यें हवा सुटण्यासाठीं बांधलेले उच्छ्वास. राजे भांडत होते त्या दिवसांतही कोणी तरी हे नळ साफ करीत असलें पाहिजे.

दमडी मशीद जवळच आहे. १५६७ च्या सुमारास साहीरखान नांवाच्या सरदारानें ती बांधविली. पण लोक म्हणतात कीं, किल्ल्याच्या कामावरील मजुरांनीं रोज एकेक दमडी बाजूस टाकून ती उभी केली. इमारत लहान, नक्षी अत्यंत नाजूक. दमडी म्हणजे काय हें सांगण्यांतच आमचा बराच वेळ गेला, कारण या मुलांनीं पैसाही पाहिलेला नाहीं. त्यांचे वडील भाजीवाल्यालाही फोन दाखवून पैसे देतात.

त्यानंतर रणगाड्यांचें संग्रहालय. फेब्रुवारी १९९४ मध्यें लष्करानें हें येथें उघडलें. पहिल्या महायुद्धाच्या काळांतील चिलखती मोटारींपासून १९६५ च्या युद्धांत पाकिस्तानकडून पकडलेल्या पॅटन रणगाड्यांपर्यंत सारें उघड्यावर ओळीनें मांडलेलें आहे. मुलांच्या दृष्टीनें दिवसाचा कळस तोच, आणि कुल्फीही तेथून निघाल्यावरच मिळाली. मी एका बांकावर बसून होतों. जांवयांना मात्र प्रत्येक रणगाड्याचें एंजिन पाहावयाचें होतें.

फराहबाग तेथून दूर नाहीं. एके काळीं तलावाच्या मध्यभागीं उभा असलेला हा अष्टकोनी महाल मूर्तझा निजामशहाच्या कारकीर्दींत, १५८३ मध्यें पूर्ण झाला. ताजमहालाची कल्पना यावरूनच सुचली असें सांगणारे भेटतात; माझा त्यावर विश्वास नाहीं, आणि महालाला त्या उसन्या मोठेपणाची गरजही नाहीं. मूर्तझा विक्षिप्त होता, लोकांत येत नसे. त्याला आपल्या मुलाचा, मीरान हुसेनाचा, संशय येऊं लागला, आणि त्यानें पोराच्या बिछान्याला आग लावविली, मुलगा वांचला. १५८८ सालीं त्याच मुलानें बंड करून राजवाडा घेतला. त्या दिवशीं राजाच्या पहाऱ्यावर एक तरुण होता. बाकीचे मारले गेले. या तरुणाला राजपुत्रानें ओळखलें, कारण दोघे एकत्र शिकलेले. त्याचा बाप राजपुत्राचा शिक्षक होता. "याला मारूं नका," असें राजपुत्रानें बजावलें म्हणून तो जगला, विजापुरास गेला आणि त्यानें दक्षिणेचा इतिहास लिहिला. तो तरुण म्हणजे फेरिश्ता. सकाळपासून मी ज्याच्या आधारानें बोलत होतों तो ग्रंथ एका शाळासोबत्याच्या ओळखीमुळें आपल्याला मिळाला आहे. राजपुत्रानें बापाचें पुढें काय केलें, हें मात्र मीं गिळून टाकलें. नातवानेंही विचारलें नाहीं. तो आपल्या शाळेंतल्या कोणाकोणाला वांचवील त्याची यादी करीत होता.

ऊन उतरल्यावर भिंगारवरून पूर्वेकडे निघालों. वाटेंत आलमगीराचें ठिकाण आहे. ३ मार्च १७०७ रोजीं औरंगजेब नगरच्या छावणींत मरण पावला. त्याचें शव खुलदाबादेस नेलें. त्या छावणींत संभाजी महाराजांचे पुत्र शाहूही होते. १६८९ सालीं रायगड पडला तेव्हां ते सात वर्षांचे, आईबरोबर धरले गेलेले. बादशहा वारला तेव्हां पंचविशीच्या घरांत आलेले. त्याच वर्षीं त्यांची सुटका झाली. "सगळीं वर्षें तंबूंत?" नातवानें विचारलें. बहुतेक तंबूंत. धाकटीला तंबूंत राहणें फार चांगलें वाटलें.

शेवटीं आम्ही त्या टेकडीवर आलों जिला सारे चांदबिबीचा महाल म्हणतात. नगरला आलेलीं कुटुंबें संध्याकाळीं येथें येतातच. तीन मजली अष्टकोनी दगडी इमारत, वारा भणाणत असतो, खालीं सारें नगर दिसतें. चांदबिबीशीं या वास्तूचा संबंध नाहीं. मूर्तझाचा वजीर दुसरा सलाबतखान, जो १५८९ च्या सुमारास वारला, त्याची ही कबर. हें सांगितल्यावर दोन्ही मुलें खट्टू झालीं, आणि मलाही वाईट वाटलें. जिनें शहर राखलें तिच्या नांवानें लोक दाखवितात ती वास्तु तिची नव्हे. पण लोकांनीं सलाबतखानाला बाजूस सारून तिचेंच नांव या दगडांना द्यावें, यांत केवळ अज्ञान आहे असेंही मी म्हणणार नाहीं.

ही इमारत सात मजली व्हावयाची होती आणि वरून दौलताबाद दिसावयाचें होतें, अशी एक आख्यायिका आहे. नातू वाकून वाकून दौलताबाद शोधूं लागला. तें दिसलें नाहीं. पण त्यावरून शेवटची गोष्ट निघाली. मलिक अंबरानें निजामशाही पुन्हा उभी केली, तो १६२६ त वारला, आणि १६३३ सालीं दौलताबाद मोंगलांनीं घेऊन हुसेन निजामशहाला ग्वाल्हेरीस धाडलें. तेव्हां शहाजी राजे भोसले यांनीं याच जिल्ह्यांतील संगमनेरजवळच्या पेमगिरीच्या किल्ल्यावर मूर्तझा नांवाच्या राजवंशांतील एका लहान मुलाला गादीवर बसविलें. त्याला मांडीवर घेऊन ते कारभार पाहत, अशी परंपरा आहे. शहाजी राजांचें स्वतःचें नांवही या नगरशीं जोडलेलें आहे: मालोजी राजांनीं व उमाबाईंनीं येथल्या शाह शरीफांच्या दर्ग्याला नवस केला, आणि झालेल्या दोन मुलांचीं नांवें शहाजी व शरीफजी ठेविलीं, असें सांगतात. धाकटे शरीफजी १६२४ सालीं याच बाजूच्या भातोडीच्या लढाईंत पडले. पेमगिरीच्या त्या बाळराजासाठीं शहाजी राजे तीन वर्षें मोंगल व विजापूर या दोघांशीं झगडले. १६३६ सालीं माहुलीस वेढा पडला आणि मुलाला स्वाधीन करावें लागलें. त्या वेळीं शिवाजी महाराज सहा वर्षांचे होते.

"आणि तो मुलगा?"

"ग्वाल्हेरला."

परतीच्या वाटेंत अंधार पडला. धाकटी आईच्या मांडीवर झोंपली होती. तिच्या मुठींत कोठून तरी उचललेला काळा दगड होता. शिरूर मागें पडल्यावर, नातूही झोंपला असेल असें मी समजत होतों तों तो म्हणाला, "आजोबा, ग्वाल्हेरला ते भेटले असतील का? बहादूर आणि हा?"

या प्रश्नाचें उत्तर सुदैवानें लिहिलेलें आहे. शहाजहानच्या दरबारच्या इतिहासकारानें नोंद केली आहे कीं, हा शेवटचा निजामशहा ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत आणला तेव्हां तेथें त्याच घराण्यांतले दोघे आधींच होते: एक दौलताबादेस सांपडलेला, आणि दुसरा अकबराच्या वेळीं नगरचा किल्ला पडला तेव्हांचा.

"म्हणजे बहादूर अजून होता! केवढा झाला होता तो?"

मीं हिशेब केला. "चाळिशीच्या आसपास."

"बाबांएवढा," तो म्हणाला, आणि पुढें मोटार चालवीत असलेल्या वडिलांच्या पाठीकडे पाहत राहिला.